उसाचा पाला, गोठ्यातलं शेण, गुऱ्हाळाची राख: रानातलं रानातच कसं परत घालायचं

डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी कोल्हापुरातून कागलकडं किंवा पन्हाळ्याकडं निघालं, की रस्त्याच्या कडेला कुठं ना कुठं धूर दिसतोच. टोळी ऊस तोडून पुढच्या फडात गेलेली असते, वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांसाठी बांधून नेलेलं असतं आणि मागं राहिलेल्या पाल्याला कुणीतरी काडी लावलेली असते. अर्ध्या तासात रान काळंभोर होतं, दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला मोकळं. आमच्याकडंही हेच चालायचं. माझे थोरले चुलते, तात्या, म्हणायचे, "पाला पेटवल्याबगार खोडव्याला फूट येत न्हाई." खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक. तात्यांच्या हाताखाली मीही कितीतरी वर्षं पाला पेटवत आलो.

हिशेब मांडला तेव्हा मात्र हात थांबला. आम्ही ज्याला पाला म्हणतो आणि पुस्तकात ज्याला पाचट म्हणतात, ते एक हेक्टर उसातून ८ ते १० टन मागं राहतं. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, स्फुरद ०.२ टक्के, पालाश ०.७ ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के. म्हणजे हेक्टरी ४०-५० किलो नत्र आणि तीन-चार टन कर्ब. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात नत्र जेमतेम २०.७ किलो असतं, म्हणजे दोन पोत्यांच्या आसपासचा युरिया आपण दर हेक्टरी धुरात घालवतो. पालाश तेवढं राखेत उरतं, तेही वाऱ्यानं बांधापलीकडं जातं. आणि मग मे महिन्यात शेणखताची ट्रॉली कुठं मिळते म्हणून गावभर विचारत फिरतो.

माझं रान चार एकर, गोठ्यात दोन म्हशी. एवढ्यावर जे करून पाहिलं आणि जे टिकलं, ते सगळं इथं सविस्तर लिहितो. मला कळलेली गोष्ट एकच आहे: खताचा माल आपल्याकडं कमी नाही, तो आपण गळू देतो. पाला आगीत जातो, शेण उन्हात वाळतं, मूत गटारात जातं. प्रत्येक गळती बंद करायची रीत वेगळी आहे.

आधी एवढं समजून घ्या

पाला कुजवतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांना कर्ब खायला लागतो आणि अंग वाढवायला नत्र लागतं. एक टन पाल्यात कर्ब सुमारे ४०० किलो आणि नत्र ५ किलो धरलं, तर प्रमाण ८० ला १ पडतं. कुजणं वेगानं व्हायचं तर हे प्रमाण २५-३० ला १ च्या जवळ लागतं. नत्र कमी पडलं की हे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. तात्या म्हणायचे ते "फूट येत न्हाई" यातूनच आलेलं. त्यांचं बघणं खोटं नव्हतं. पाला नुसता टाकला, वरून नत्र दिलं नाही, तर तसंच होतं.

म्हणून एक टन पाल्याला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंचं विरजण, अशी शिफारस आहे. ८ किलो युरियातून ३.७ किलो नत्र मिळतं, म्हणजे ५ चे पावणेनऊ किलो होतात आणि प्रमाण ४६ वर येतं. पुढं कुजताना कर्बाचा बराच भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, तसं ते आपोआप खाली उतरतं. एवढं ध्यानात राहिलं की पुढच्या सगळ्या कृती पाठ कराव्या लागत नाहीत. कोरडा, पिवळा, चिवट माल आला की त्याला शेण-मुताची जोड द्यायची. ओला, हिरवा, वासाचा माल आला की त्यात कोरडा पाला मिसळायचा.

खोडवा ठेवायचा असेल तर पाला सरीतच

सगळ्यांत कमी कष्टाचं आणि सगळ्यांत जास्त फायद्याचं काम हेच. कामाची सुरुवात तोड लागायच्या आधी होते. टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवा, ऊस जमिनीलगत तोडायचा. बुडख्याकडं साखर जास्त असते, त्यामुळं वजनातही आपलाच फायदा. वर राहिलेली बुडखी पाल्यात झाकली जातात आणि त्यांवरचे वरचे डोळे अशक्त कोंब देतात.

तोड झाल्यावर आठवड्याच्या आत वरंब्यावरचा पाला सरीत ओढून घ्यायचा. सरी चार-पाच फुटांची असेल तर प्रत्येक सरीत पाला बसतो. आमच्या एका जुन्या तुकड्यात तीन फुटी सरी आहे, तिथं एकाआड एक सरीत पाला भरतो आणि मधली सरी पाण्याला मोकळी ठेवतो. ट्रॅक्टरवरचं कुट्टी यंत्र भाड्यानं मिळालं तर उत्तम, बारीक पाला लवकर कुजतो. नाही मिळालं तरी अडत नाही, अख्खा पालाही कुजतो, थोडा वेळ घेतो.

मग बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीबरोबर छाटून घ्या. हे काम टाळू नका, खोडव्याची खरी फूट यावर आहे. छाटलेल्या जागेवर कार्बेन्डाझिम, १० लिटर पाण्याला १० ग्रॅम, फवारायचं. फवारा फक्त बुडख्यांवर पडला पाहिजे. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे आणि पाला कुजवणाऱ्या संवर्धकात बुरशीही असते, म्हणून दोन्ही एकाच दिवशी एकाच ठिकाणी पडले तर संवर्धकाचे पैसे वाया. मी फवारणीनंतर तीन-चार दिवस थांबतो.

त्यानंतर सरीतल्या पाल्यावर एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सुपर फॉस्फेट सारखं फेकायचं. एकरी ४ किलो संवर्धक ओलसर, चाळलेल्या शेणखतात कालवून वरून विस्कटायचं. संवर्धक कृषी विद्यापीठाकडं किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडं मिळतं. शेतीबाबत अडचण आली तर आपल्या कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन विचारावं. युरिया टाकला त्याच दिवशी पाणी द्या. कोरड्या पाल्यावर पडून राहिलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो. आदल्या दिवशी मोटरीची पाळी कुणाची आहे ते बघूनच पोतं फोडावं. पाणी फिरल्यावर सरीतून एकदा चालत जाऊन पाला पायानं दाबला, की तो मातीला चिकटतो आणि खालून कुजायला लागतो. ओल टिकली तर साडेतीन-चार महिन्यांत हात घातल्यावर काळा, भुसभुशीत चुरा लागतो.

आता बगला, म्हणजे वरंब्याच्या बाजू, फोडायच्या नाहीत, औत घालायचं नाही. खत पहारीनं द्यायचं. शिफारशीतली अर्धी मात्रा तोडीनंतर १५ दिवसांत, बेटापासून अर्धा फूट अंतरावर, चार ते सहा इंच खोल, फुटाफुटाला छिद्र घेऊन सरीच्या एका बाजूला. उरलेली अर्धी साधारण १३५ दिवसांनी, दुसऱ्या बाजूला. मजूर पहिल्यांदा कुरकुरतात, पण दोन माणसं, एक पहार मारणारा आणि एक खत टाकून माती लोटणारा, सरावली की काम उरकतं. फेकून दिलेलं खत पाल्यावर अडकतं, म्हणून इथं पहारीला पर्याय नाही.

दोन सावधगिऱ्या. पहिली आगीची. एका वर्षी शेजारच्या बांधावर पेटवलेला पाला वाऱ्यानं आमच्या झाकलेल्या रानात आला आणि वीस गुंठे खोडवा कोंबांसकट भाजला. तेव्हापासून बांधाच्या कडेनं सात-आठ फुटांची पट्टी पाल्याशिवाय मोकळी ठेवतो आणि पहिलं पाणी कडेच्या सऱ्यांना देतो. शेजाऱ्याला आधी जाऊन सांगतो, "दादा, पेटवायच्या दिवशी हाक मार, मी पाणी सोडून ठेवतो." भांडणापेक्षा हे कामाला येतं. दुसरी सावधगिरी रोगाची. गवताळ वाढ किंवा खवले कीड जास्त असलेल्या फडाचा खोडवाच ठेवू नये. ज्या चिबड रानात पाणी साचून राहतं, तिथंही पाला सरीत दाबला तर मुळं गुदमरतात. अशा ठिकाणी पाला उचलून खड्ड्यात न्यावा.

रान मोडायचं असेल तर खड्डा किंवा ढीग

खड्डा की ढीग, हे तुमचा तालुका ठरवतो. शिरोळ, हातकणंगलेच्या कमी पावसाच्या भागात खड्डा चांगला, ओल धरून राहतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं मात्र पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होते आणि खताचा अर्क झिरपून जातो. तिकडं उंचवट्यावर ढीग रचून, भोवतीनं चर काढून, वर शाकारणी किंवा कागद घालणंच बरं. नदीकाठच्या रानवाल्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते आठवून त्याच्या वर जागा धरावी. पंचगंगेला पूर आला की उकिरडा राहत नाही, सगळं वाहून जातं.

खड्डा २ मीटर रुंद, १ मीटर खोल, लांबी पाल्याच्या मापानं. तळाला पाल्याचा वीतभर थर द्या, त्यावर शेणकाला शिंपडा, मग युरिया आणि सुपर फॉस्फेट भुरभुरा, वरून संवर्धक. असे थर चढवत जा. एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो संवर्धक आणि १०० किलो शेण, हे माप. प्रत्येक थर भिजवलाच पाहिजे. कोरडा पाला पाणी अंगावर घेत नाही, वरून ओघळून जातं, म्हणून मी पाल्याचे भारे आदल्या रात्री पाटात बुडवून ठेवतो. खड्डा जमिनीच्या वर फूट-दीड फूट येईपर्यंत भरायचा, कारण तो पुढं खचतो. शेवटी शेणमातीनं लिंपायचा.

ओल बरोबर आहे का, हे मुठीत दाबून बघा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नाही इतकी तापलेली असेल तर काम सुरू आहे. आत ५५ ते ६५ अंश उष्णता काही दिवस टिकली की तणाचं बी आणि रोगाचे जंतू बहुतेक मरतात. सळई गार निघाली तर दोनच कारणं: पाणी कमी किंवा नत्र कमी. सडका, नासक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी, तेव्हा उकरून कोरडा पाला मिसळा.

महिन्याला एकदा खालीवर करायचं. हे काम जड आहे, खोटं सांगत नाही. पण कडेचा माल मधे आल्याशिवाय तो तापत नाही, आणि न तापलेल्या मालातलं गवताचं बी पुढच्या वर्षी भांगलणीच्या मजुरीतून वसूल करतं. चार-पाच महिन्यांत खत होतं.

ज्यांच्याकडं उलथापालथ करायला माणूस नाही त्यांनी नाडेप हौद बांधावा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही रीत बसवली, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच ती नाडेप झाली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी जाळ्या. शेण फार थोडं लागतं, माती भरपूर लागते आणि भरल्यावर तीन-चार महिने फक्त ओल सांभाळायची.

संवर्धक मिळालंच नाही तर गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राचं वेस्ट डीकंपोजर बरं पडतं: २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ विरघळवून एक बाटली टाकायची, रोज दोनदा काठीनं ढवळायचं, आठवड्यात द्रावण तयार. बाजारात न चालणारा काळा गूळ आपल्याकडं मिळतोच. पण या द्रावणाकडून किंवा जीवामृताकडून नत्र-स्फुरदाची अपेक्षा ठेवू नका. ते विरजण आहे, दूध आपलं आपणच आणायचं.

गोठ्यात जे गळतं ते

माझ्या मते कोल्हापूर जिल्ह्यातली सगळ्यांत मोठी गळती इथं आहे. दारात म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, आणि मूत मात्र फरशीवरून थेट गटारात. शेणाची काळजी सगळे घेतात, मुताची कुणी घेत नाही. गुरानं खाल्लेल्या नत्रापैकी मोठा भाग मुतातून बाहेर पडतो. दोन म्हशींचं वर्षभराचं मूत धरलं तर, माझ्या अंदाजानं, दोन पोती युरियाइतकं नत्र होतं.

उपाय साधा आहे. चिरलेला पाला गोठ्यात जनावरांच्या मागच्या पायांखाली अंथरायचा. तो मूत पितो. रोज सकाळी ओला झालेला पाला शेणाबरोबर उचलून खड्ड्यात टाकायचा, नवा अंथरायचा. पाल्याला नत्र मिळतं, गोठा कोरडा राहतो, म्हशींच्या खुरांना आणि कासेला आराम पडतो. हे सुरू केल्यापासून घरच्या खड्ड्यात मी युरिया घालत नाही. आमच्या वहिनींनी मागं एक छोटा हौद करून घेतला, गोठा धुतल्यावर पाणी त्यात जमतं आणि बादलीनं खड्ड्यावर ओतलं जातं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गटाराचा वास गेला हेच मला लई झालं."

शेणाचा दुसरा शत्रू ऊन. ताज्या शेणात ८० टक्के पाणी असतं. ते उन्हात उघड्यावर पसरून वाळलं की वरच्या पापुद्र्यातलं नत्र उडतं, पावसात भिजलं की उरलेलं वाहतं. उकिरड्यावर सावली हवी: झाड, जुना पत्रा, नारळाच्या झावळ्या, काहीही.

गोबरगॅस असेल तर फारच चांगलं. रोज साधारण २५ किलो शेणाला एक घनमीटर गॅस, शेण आणि पाणी सारखं. गॅस निघाला तरी नत्र स्लरीत, म्हणजे बाहेर येणाऱ्या पातळ काल्यात, राहतं. पण बहुतेक घरांत स्लरी बाहेरच्या खड्ड्यात उन्हात वाळवतात आणि तिथंच अमोनिया जातो. स्लरी वाळवू नका, ती पाल्याच्या थरावर ओता. पाला आणि स्लरी ही जोडी जमली की निम्मं काम झालं.

गांडूळखताबद्दल थोडक्यात. ते उसासाठी पुरेल एवढं करणं लहान शेतकऱ्याला जमत नाही. भाजीपाला, रोपवाटिका यांसाठी करावं. ताज्या शेणात किंवा तापत्या ढिगात गांडुळं सोडली तर मरतात, अर्धवट कुजून गार झालेल्या मालातच सोडा. सावली आणि ओल ठेवा, लाल मुंग्यांपासून जपा.

कारखान्याची प्रेसमड आणि गुऱ्हाळाची राख

मळी या शब्दानं आपल्याकडं फार घोटाळा होतो. नदीकाठचं गाळाचं रान ती मळी, गुऱ्हाळात काहिलीवर भेंडीचं पाणी टाकून रसावरून काढतात ती मळी, कारखान्यातली मोलॅसिस तीही मळी, आणि पुष्कळ जण प्रेसमडलाही, म्हणजे कारखान्यात रस साफ करून उरलेल्या गाळालाही, मळीच म्हणतात. माल मागवताना नीट विचारून घ्या, नाहीतर भलतंच येतं.

प्रेसमड गाळलेल्या उसाच्या ३ ते ४ टक्के निघते. स्फुरद आणि चुना चांगला असतो, पण ओली असते, मेणही असतं आणि ताजी असताना आत भयंकर तापते. एका वर्षी घाईत मी ताजी प्रेसमड सरीत टाकून आठ दिवसांत लावण केली. उगवण ठिगळाठिगळानं आली, कांडी काढून बघितली तर डोळे शिजल्यासारखे तपकिरी. न उगवलेल्या मोकळ्या जागा भरण्यात अर्धा महिना गेला. आता ट्रॉली आली की रानाच्या कडेला उतरवतो, तेवढाच पाला मिसळून ढीग लावतो, दोन-तीन महिने दोनदा खालीवर करतो आणि सळई गार निघाल्यावरच रानात नेतो. स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, मिसळलेलं खत असेल तर त्यात पालाश भरपूर असतं पण क्षारही असतात. शिरोळकडच्या खारवट रानात ते घालण्याआधी माती तपासून घ्यावी. त्या रानाला धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून दीड महिन्यानं फुलोऱ्याच्या सुमाराला गाडणं जास्त मानवतं.

गुऱ्हाळाच्या चुलवणातून निघणारी राख चिपाडाची. पालाश आणि चुना देते, पण जहाल अल्कधर्मी असते. ती शेणात किंवा मुतात मिसळली की नाकाला झोंबणारा वास येतो. तो वास म्हणजे आपलं नत्र उडताना. म्हणून राख खड्ड्यात टाकू नका. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीच्या तांबड्या, आम्ल जमिनीत ती एकटी विस्कटावी आणि शेणखत-युरियापासून पंधरा दिवस लांब ठेवावी. खारवट काळ्या रानात ती घालूच नये. गुऱ्हाळातली मळी साखरेची असते, आंबते, माशा धरते. पाल्याच्या थरांत पातळ पसरली तर कुजण्याला जोर देते.

हुमणीची भीती आणि तिचा खरा भाग

"शेणखत घातलं की हुमणी येते," हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं. हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. वाक्य अर्धं खरं आहे. खताच्या खड्ड्यात ज्या जाड, पांढऱ्या, बाकदार अळ्या सापडतात, त्या बहुतेक वेळा गेंड्या भुंग्याच्या किंवा तत्सम भुंग्यांच्या असतात. त्या कुजका माल खातात, उसाची मुळं नाही. पण कच्चं, ओलं शेण रानात पडलं की खऱ्या हुमणीच्या मादीलाही अंडी घालायला भुसभुशीत जागा मिळते. म्हणून पूर्ण कुजलेलंच खत न्या, भरताना अळ्या वेचा. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगे झाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी पुड्यावरच्या मापानं कुजलेल्या शेणखतात मिसळून, आठवडाभर ओल्या पोत्याखाली झाकून मग सरीत द्या. कोंबांच्या बुडात खत पडेल तिथंच ती बुरशी कामाला येते.

लव्हाळा आणि हरळी खड्ड्यात टाकू नका, त्यांच्या गाठी आणि काश्या कडेला तग धरतात. काँग्रेस गवत फुलायच्या आधी असेल तरच.

बाहेरून आणताना

कोंबडीखत जोरकस असतं, नत्र शेणखतापेक्षा कितीतरी पट. पण ताजं दिलं तर मुळं जळतात, भुसा-पाल्यात मिसळून दीड-दोन महिने कुजवूनच द्या. मार्केट यार्डातला भाजीपाल्याचा कचरा ओला असतो, दोन भाग पाला आणि एक भाग भाजी या मापानं भरा. अंबाबाईच्या देवळातलं किंवा गणपतीतलं निर्माल्य श्रद्धेनं खतात घालायला हरकत नाही, फक्त हारातले दोरे, जर, प्लॅस्टिकची फुलं आधी वेचून काढा.

शहराच्या कचऱ्याचं खत विकत घेताना खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे चाचणीचा कागद मागा. कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आत असलं पाहिजे आणि शिसं, कॅडमियमसारख्या जड धातूंची मर्यादा पाळलेली असली पाहिजे. कागद नसेल तर घेऊ नका. काचा आणि प्लॅस्टिक चाळून काढता येतं, जड धातू एकदा मातीत गेले की आपल्या हयातीत निघत नाहीत. याच कारणानं फौंड्रीची वाळू-राख आणि कापड रंगवण्या-धुण्यातला गाळ, कुणी फुकट आणून दिला तरी, बांधावर उतरवू देऊ नका.

खत झालं कसं ओळखायचं आणि कधी घालायचं

रंग काळा-तपकिरी, वास पहिल्या पावसाच्या मातीचा, ढीग मूळच्या निम्म्याहून कमी. शंका असेल तर मूठभर ओलं खत पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबूस वास आला तर अजून कच्चं. किंवा परातीत निम्मं खत, निम्मी माती घालून मेथी पेरा. पाच-सहा दिवसांत हिरवीगार, सारखी उगवली तर खत रानाला चालेल.

घालण्याच्या वेळी आपली आणखी एक मोठी चूक होते. एप्रिल-मे मध्ये ट्रॉलीनं खत नेऊन शेतभर छोटे ढीग घालून ठेवतात, आणि पाऊस येईपर्यंत ते महिनाभर उन्हात तापत राहतात. वर्षभर सांभाळलेलं नत्र त्या महिन्यात जातं. खत ज्या दिवशी न्याल त्याच दिवशी विस्कटा आणि त्याच दिवशी कुळवानं किंवा रोटरनं मातीत मिसळा. जमत नसेल तर खड्ड्यातच राहू द्या, झाकून ठेवा.

उसाच्या लावणीला हेक्टरी २५ टन, म्हणजे एकरी १० टन शेणखताची शिफारस आहे. माझ्या दोन म्हशींचं रोजचं अंदाजे ३० किलो शेण आणि पाल्याचं अंथरूण धरून वर्षाला चार-पाच टन कुजलेलं खत मिळतं. चार एकरांवर ते पसरलं तर कुणालाच पुरत नाही. म्हणून दरवर्षी जो तुकडा नव्या लावणीला येतो त्यालाच सगळं देतो, तेही सरीच्या तळात. बाकी तुकड्यांवर खोडव्याचा पाला आपापल्या सरीत कुजत असतो. चार वर्षांत प्रत्येक तुकड्याची पाळी येते.

मातीचा नमुना खोडवा निघाल्यावर आणि नवं खत घालायच्या आधी घ्या, आठ-दहा ठिकाणांहून, वीतभर खोल, बांधाजवळची आणि जुन्या उकिरड्याची जागा सोडून. प्रयोगशाळेच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी बघा आणि दर वर्षीचा कागद एकाच पिशवीत ठेवा. आमच्या घरी ती पिशवी तात्यांच्या ट्रंकेत असते. यंदा तोड झाली त्या दिवशी मी रानात पोचायच्या आधीच ते कडेच्या सऱ्यांना पाणी लावून बसले होते.